फाटकाच्या आत बाई

तिसरीच्या बाईंना सगळी गल्ली बाईच म्हणायची, तेव्हा आपणही बाईच म्हणू. त्यांना त्याहून जवळची हाक मारण्याचा हक्क जगात एकाच जीवाला होता, आणि त्या जीवाने ती हाक मारणं वर्षभरापूर्वी सोडून दिलं होतं. बाईंना इतर दुखणी नव्हती असं नाही. गुडघ्याचं होतं, हेडसरांचं होतं. पण आतून सलायचं ते हेच.

शाळा सरकारी. लांबट, बसकी, पिवळी इमारत, खिडक्यांना जाळ्या, वऱ्हांड्याच्या टोकाला पाण्याचा नळ. पुढे एक लोखंडी फाटक होतं, आणि ते उघडताना असं काही किंचाळायचं की उशिरा येणाऱ्या मुलाची लपून आत शिरायची बिशाद नव्हती. फाटकात उभं राहिलं की समोर टेकडी दिसायची आणि टेकडीवर दुसरी शाळा. ती एका धर्मसंस्थेची. तिथे साध्या पांढऱ्या कपड्यांतल्या संन्यासिनी शिकवायच्या, मुलं त्यांना माई म्हणायची. दिवस प्रार्थनेने सुरू, प्रार्थनेने संपणार, आणि मधल्या सुट्टीतसुद्धा मुलं म्हणे ओळीने चालायची. गल्लीतले लोक तिला 'वरची शाळा' म्हणत. मग आपल्या शाळेला काय म्हणायचं ते कोणी न सांगता ठरून गेलं.

तर झालं असं, की फाटकासमोर इस्त्रीचं दुकान मांडून बसलेल्या बाईने एका सकाळी वरच्या शाळेचे करडे गणवेश इस्त्री करता करता हातातली इस्त्री मध्येच उभी केली. हिला आपण इस्त्रीवाली म्हणू. हिचा मुलगा तिसरीत, आपल्या बाईंच्याच वर्गात. तिच्यापुढे गणवेशांची तीन गाठोडी होती. एक पीटीच्या सरांच्या घरचं, एक चौथीच्या मॅडमच्या घरचं, आणि एक तिसरीच्या बाईंच्या घरचं. खालच्या शाळेत लहान मुलं असलेले शिक्षक तेवढेच होते. इतके महिने तिने कपडे पाहिले होते, त्या दिवशी घरं पाहिली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गल्लीभर झाली.

लोकांचं म्हणणं सरळ होतं. ज्याने स्वयंपाक केला तोच घरच्या मुलांना बाहेर जेवायला पाठवत असेल, तर आपल्या मुलांना त्या पंगतीला बसवायचं कशाला? दोनचार घरांनी तर वरच्या शाळेत चौकशीही करून ठेवली.

हेडसरांनी पटाचं रजिस्टर काढून पुन्हा मोजलं. पट आधीच घसरलेला, म्हणजे शाळेत नावं असलेली मुलं वर्षागणिक कमी होत चाललेली. आणखी थोडी गळाली असती तर तिसरी-चौथी एका खोलीत कोंबून एका शिक्षकाची उचलबांगडी झाली असती. पालकांनी शनिवारी दुपारी भेटायचं ठरवलं आणि हेडसरांनी तिघांना खोलीत बोलावलं.

"काय सांगणार आहात?" त्यांनी विचारलं.

"शिस्त," पीटीचे सर म्हणाले.

"संस्कार," चौथीच्या मॅडम म्हणाल्या.

"आणि बाई, तुम्ही?"

"आमच्या कोपऱ्यावर बस येते," बाई म्हणाल्या.

"हे चांगलं आहे," हेडसर म्हणाले. "ह्यात कोणाला लागण्यासारखं काही नाही."

खरं सांगायचं तर त्यात काहीच नव्हतं. बस येत होती हे खरं. पण बस येते म्हणून काही कोणी चढत नाही.

बाईंच्या मुलीचं घरातलं नाव मुंगी. ते तिच्या बाबांनी ठेवलं होतं. बाबा चित्रकलेचे सर, गावाच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या मुलांच्या सरकारी शाळेत. मुंगी का, तर ही पोर चालायला लागल्यापासून ओळ सोडायची नाही. फरशीच्या रेघेवर पाय द्यायचा नाही असं एकदा गमतीत सांगितलं, तर बिचारी आठवडाभर उड्या मारत घर पार करत होती. अशी मुलं आईबापांना फार सोपी वाटतात. ती सोपी नसतात हे कळायला वेळ लागतो.

मुंगी तिसरीत गेली तेव्हा शाळेत तिसरीची तुकडी एकच, आणि बाई त्याच वर्गाच्या. पहिल्या दिवशी बाईंनी तिला फाटकापाशी उभं केलं आणि नियम सांगितला.

"हे बघ. फाटकाच्या आत मी बाई. फाटकाच्या बाहेर आई. आत 'तुम्ही' म्हणायचं, बाहेर 'तू'. कळलं?"

मुंगीला ते नुसतं कळलंच नाही, तर आवडलंही. शाळा सुटली की ती फाटकाच्या रेघेवर उभी राहायची, एक पाय आत, एक पाय बाहेर, आणि डुलत डुलत म्हणायची, "आई, बाई, आई, बाई." बाहेर उडी पडली की "आई!" असं मोठ्याने, रस्ताभर ऐकू जाईल असं. बाईंना त्या एका हाकेने दिवसभराचा शीण उतरल्यासारखं व्हायचं.

मग एकदा डबा खाता खाता चौथीच्या मॅडम सहज म्हणून गेल्या, "तुमचं बरं आहे बाई. घरचीच हुशार मुलगी वर्गात. उत्तर हवं तेव्हा हाताशी." त्यांच्या मनात काही नव्हतं. बाईंच्या मात्र ते इतकं जिव्हारी लागलं की त्यांनी कानाला खडा लावला. आपल्या वर्गात आपल्या पोटच्या मुलीला झुकतं माप मिळालं, असं म्हणायला कोणाला जागाच ठेवायची नाही.

तेव्हापासून वर्गात हात वर झाले की बाईंची नजर डावीकडून उजवीकडे फिरायची, आणि खिडकीजवळच्या बाकावर आली की तुटकी पायरी चुकवावी तसा एक हात चुकवून पुढे जायची. सुरुवातीला ते ठरवून करावं लागे. नंतर सवय झाली. मुंगीचा हात मात्र रोज वर असायचा. कोपर दुसऱ्या हाताने धरून, वाट बघत.

घरी आल्यावर ती वही घेऊन यायची. "आई, हे कसं करायचं?"

"ते मी उद्या वर्गात सांगणार आहे," बाई म्हणायच्या. "तुला आज घरी सांगितलं तर बाकीच्यांवर अन्याय नाही का होणार?"

मुंगी विचार करायची आणि मान डोलवायची. तिला अन्याय पटायचा. ती उद्याची वाट बघायची, उद्या हात वर करायची, आणि बाईंची नजर पायरी चुकवून पुढे जायची. म्हणजे प्रश्न वर्गात विचारायचा तर तिथे नंबर नाही, आणि घरी विचारायचा तर तिथे सोय नाही. हे बाईंच्या ध्यानात आलं नाही. त्या न्यायाने वागत होत्या ना! न्यायाने वागणाऱ्या माणसाला आपलं काही चुकतंय अशी शंकासुद्धा येत नाही.

हळूहळू घराचीच शाळा झाली. जेवायच्या टेबलावर वह्यांचे गठ्ठे, लाल पेन, आणि बाईंचा तो आवाज, जो दिवसभर वापरल्यावर संध्याकाळी बदलायचा राहून जायचा. एकदा जेवताना मुंगीने हात वर केला. कोपर धरून, शांतपणे. तिला भात हवा होता.

"घ्या!" बाबा हसत सुटले. "बाई, परवानगी द्या हो पोरीला!"

बाईही हसल्या. तेव्हा आपल्याला हसू आलं कसं, असं त्यांना पुढे कितीदा वाटलं.

मग तो रविवार आला. मुंगीला ताप होता. बाई खिडकीशी बसून पेपर तपासत होत्या आणि मुंगी पलंगावर जागी, डोळे उघडे. ताप काही डोक्यात गेलेला नव्हता. चांगली शुद्धीवर होती.

ती म्हणाली, "बाई, पाणी द्या."

बाईंनी पाणी दिलं. पेला परत घेतला, स्वयंपाकघरात नेऊन विसळला, पालथा घातला, आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. शाळेला सुट्टी होती. फाटक पार तिकडे, कुलूपबंद. आणि पोर आतच राहिली होती.

त्या आठवड्यातच त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "मी हिला वरच्या शाळेत घालणार."

"माईंच्या?" चित्रकलेच्या सरांचा ब्रश हातातच राहिला. "अगं, आपल्या घरात देवाला हात जोडणारं कोणी नाही. आपला आणि देवाचा संबंध काय?"

"देवाशी नाही हो संबंध. माझ्याशी आहे."

"आणि आपण पगार कुठल्या शाळेचा घेतो? मी भर सभेत उठून बोललोय, सरकारी शाळा टिकली पाहिजे म्हणून. लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत," बाई म्हणाल्या. "माझ्या वर्गात ती राहिली तर मला मुलगी उरणार नाही. दुसरी शाळा जवळपास असती तर तिथे घातली असती. नाहीये."

सर दोन दिवस गाल फुगवून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुंगीच्या नव्या डब्यावर रंगाने एक छोटी मुंगी काढली, पाठीवर दप्तर घेतलेली, आणि पहिल्या दिवशी तिला बसवर सोडायला स्वतः गेले. सभेत उठून बोलायचं मात्र त्यांनी त्यानंतर बंद केलं. बाईंना तेही सलायचं.

वरच्या शाळेने मुंगीचं काही वाईट केलं नाही. खोटं कशाला बोला. ती गाऊ लागली. जेवायच्या आधी डोळे मिटून दोन ओळी पुटपुटायची आणि तेवढा वेळ बाबा घास हातात धरून गुपचूप थांबायचे. तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं ती घरी येऊन सांगायची, म्हणजे तिकडे तिला कोणीतरी विचारत होतं. "माई म्हणाल्या" हे तर उठता बसता. माई म्हणाल्या, चुकलं तर खोडायचं, रडायचं नाही. माई म्हणाल्या, पाण्याला आवाज असतो.

ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते मात्र झालं नाही. मुंगीने 'बाई' म्हणणं सोडलं आणि 'आई' म्हणणं धरलं नाही. ती काहीच म्हणेना. "पाणी हवं होतं." "वही सापडत नाहीये." "उद्या लवकर जायचंय." हाक नाही, 'तू' नाही, 'तुम्ही' नाही, एखाद्या कार्यालयातून पत्र यावं तशी वाक्यं. मुलांना सर्वनामं शिकवून शिकवून बाईंचा घसा बसायचा, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात द्वितीय पुरुष उरला नव्हता. आई, बाई, माई. एका अक्षराचा तर फरक. त्यातलं नेमकं आपलं अक्षर हरवावं, ह्याचं बाईंना कधी रडू यायचं आणि कधी स्वतःचाच संताप यायचा.

शनिवारी वरच्या शाळेला सुट्टी होती आणि बाबांच्या शाळेत चित्रकलेची परीक्षा. मुंगीला घरी एकटं ठेवायचं नाही म्हणून बाई तिला बरोबर घेऊन आल्या. फाटक किंचाळलं. मुंगीने आत पाय टाकला आणि टाकल्या टाकल्या तिची पाठ ताठ झाली, हे बाईंनी पाहिलं. सभा तिसरीच्याच खोलीत होती. मुंगी शेवटच्या बाकावर जाऊन बसली, हाताची घडी घालून.

मोठी माणसं लहान मुलांच्या बाकांवर बसली की आपोआप थोडी लहान होतात. गुडघे हनुवटीला टेकलेले, पाय कुठे ठेवायचे कळत नाही. पण आज कोणी हसत नव्हतं. हेडसरांनी घाम पुसत प्रास्ताविक वगैरे केलं, शाळेचा इतिहास सांगायला घेतला, तेव्हा एका टॅक्सीवाल्याने त्यांना तिथेच थांबवलं. त्याच्या दोन मुली ह्या शाळेत होत्या.

"इतिहास राहू द्या सर. तुमच्या शिक्षकांची पोरं वर का जातात, तेवढं सांगा. आम्ही ऐकून घेतो आणि जातो."

पीटीचे सर उठले. धिप्पाड माणूस, पण आवाज अगदी बारीक. "शिस्त," ते म्हणाले. "तिथे शिस्त चांगली आहे."

"मग इथे शिस्त लावायला सरकारने कोणाला नेमलंय?" टॅक्सीवाल्याने विचारलं.

खोलीत खसखस पिकली. नेमलेला माणूस तोच होता. सर खाली बसले आणि बुटांकडे बघत राहिले. बायको गेल्यापासून त्यांचे दोन मुलगे घरी एकटे असत, आणि सर दिवेलागणीपर्यंत मैदानावर ह्याच लोकांच्या मुलांना पळायला शिकवत. वर माई मुलांना संध्याकाळपर्यंत ठेवून घेत, गरम काहीतरी खायला देत. हे सांगितलं असतं तर लोकांनी समजून घेतलं असतं. पण ते सांगणं म्हणजे उपकार मोजून दाखवल्यासारखं होईल असं सरांना वाटलं, आणि त्यांनी शिस्तीवर भागवलं.

चौथीच्या मॅडम उठल्या. "संस्कार," त्या म्हणाल्या. "मुलांना संस्कार मिळावेत म्हणून."

इस्त्रीवाली आडवी बसली होती, पाठ भिंतीला. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे मॅडम, आमच्या पोरांना तुम्ही काय देता मग? उरलेलं?"

मॅडमचा चेहरा पडला. त्या मनापासून भाविक होत्या. सरकारी वर्गात देवाचं नाव काढायचं नाही हा नियम त्यांनी नोकरीभर इमानाने पाळला होता, आणि आपण जे ओठांशी आवरून धरतो ते निदान आपल्या मुलांना कोणी मोकळेपणी सांगावं एवढीच त्यांची इच्छा. त्यात कोणाला कमी लेखायचं नव्हतं. पण तो एक शब्द तोंडून गेला आणि समोरच्या सगळ्या घरांना असंस्कृत ठरवून बसला. "तसं नाही हो," असं काहीतरी म्हणत त्या बसल्या.

"आणि बाई, तुमची?" टॅक्सीवाला म्हणाला. त्याचा आवाज जरा खाली आला होता. बाईंबद्दल गल्लीत आदर होता, म्हणून राग जास्त होता.

बाई उठल्या. गुडघा कुरकुरला. "आमच्या कोपऱ्यावर," त्यांनी सुरुवात केली, "बस..."

मागच्या बाकावर एक हात वर झाला होता. कोपर दुसऱ्या हाताने धरलेलं.

बाईंची नजर डावीकडून उजवीकडे गेली, त्या हातापाशी आली, आणि काही कळायच्या आत तो चुकवून पुढे सरकली. "बस येते," त्या म्हणाल्या.

"बाई," इस्त्रीवाली म्हणाली, "मागे हात वर आहे." आणि जरा थांबून, "केव्हाचा आहे."

खोलीतल्या सगळ्या माना मागे वळल्या. आता चुकवायला जागा नव्हती.

"बोल," बाई म्हणाल्या.

मुंगी उठून उभी राहिली. "बाई, मी पाणी पिऊन येऊ का?"

खोली हसली. चांगलं हसू होतं, इतका वेळ अवघडून बसलेल्या माणसांचं. मोठी माणसं तावातावाने भांडताहेत आणि पोरीला आपलं पाणी हवंय! हेडसरसुद्धा हसले. टॅक्सीवाला मान हलवत म्हणाला, "बघा, किती वळणाची पोर आहे. स्वतःच्या आईला बाई म्हणते. हे वरच्या शाळेचं वळण."

"नाही," बाई म्हणाल्या. "हे इथलं वळण आहे. मी लावलंय." मग मुंगीला म्हणाल्या, "जा."

मुंगी ओळीने, बाकांच्या मधून, कोणाला धक्का न लावता बाहेर गेली. ती दाराबाहेर गेल्यावरच बाईंनी सभेकडे तोंड केलं.

"बसचं सोडा," त्या म्हणाल्या. "बस येते, पण ते कारण नाही. ती माझ्याच वर्गात होती. लोकांनी पक्षपात म्हणू नये म्हणून मी वर्षभर तिला एकही प्रश्न विचारला नाही. तुमच्या सगळ्यांच्या मुलांना विचारला, तिला नाही. घरी शिकवलं नाही, कारण तो अन्याय झाला असता. घरीसुद्धा मी अशीच बोलायचे, आत्ता बोलतेय तशी. एक दिवस ती आजारी असताना मला म्हणाली, बाई, पाणी द्या. घरात, पलंगावर." त्यांचा आवाज फाटला, त्यांनी तो फाटू दिला. "ही शाळा वाईट आहे म्हणून नाही हो पाठवली वर. ह्या शाळेत मी आहे म्हणून पाठवली. मला वाटलं, बाई दुसरी कोणी झाली की आई मला परत मिळेल. तेही झालं नाही. आता तिथून काढून परत इथे आणा म्हणाल तर मला ते जमणार नाही. तुम्हाला जे करायचं ते करा."

मग इस्त्रीवाली नाक ओढत म्हणाली, "घ्या! आणि आमचा मला घरी बाई म्हणतो. परवा ताटावर बसला आणि म्हणतो, बाई, भात वाढा. मी म्हटलं, मेल्या, नऊ महिने मी वागवलं आणि बाई कोण?" आता तर बायका मोकळ्या हसल्या. "खरं सांगू का? त्या दिवशी तुमचा असा राग आला होता मला. दिवसभर तुमच्याकडे असतो आणि घरी येऊन तुमच्याच गोष्टी सांगतो. ते गणवेश दिसले आणि वाटलं, बरी सापडली."

टॅक्सीवाला मात्र हसला नाही. त्याला दोन मुली होत्या आणि त्याचा प्रश्न अजून तिथेच होता. "ते सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "मला एवढंच सांगा बाई. आमच्या पोरींपैकी कोणाचा हात चुकवता?"

"कोणाचाच नाही," बाई म्हणाल्या. "एकच चुकवला."

टॅक्सीवाल्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हळूहळू मान डोलावली. तेवढ्यात वऱ्हांड्याच्या टोकाकडून काहीतरी खणकन वाजलं, पाण्याचा फवारा उडाल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ,

"आई गं!"

पायाला ठेच लागली तरी माणूस हेच ओरडतं, सत्तरीचा म्हातारासुद्धा. ही हाक नव्हे. व्याकरणात ह्याला केवलप्रयोगी अव्यय म्हणतात, आणि ते बाईंनी हजारदा फळ्यावर लिहिलेलं होतं. पण खोलीतल्या झाडून साऱ्या आया बाकांवरून उठल्या. गुडघा दुखणाऱ्या बाई त्या सगळ्यांच्या आधी दाराबाहेर होत्या.

मुंगी नळाखाली बसकण मारून बसली होती. नळाची चावी तिच्या मुठीत, पाणी छतापर्यंत उडत होतं, केस, कपडे, चपला, सगळं चिंब. बाईंना बघताच ती धडपडत उभी राहायला गेली.

"बाई, मी नाही तोडला. तो आपोआप..."

टॅक्सीवाला मागून आला आणि त्याने कोपऱ्यातला मोठा कॉक शोधून पिळून बंद केला. "हेडसर," तो ओरडला, "शिस्त, संस्कार सगळं नंतर बघू, आधी नळाचं बघा! पोरी इथेच राहणार आहेत, त्या काय अशा आंघोळी करणार रोज?" दारापाशी गर्दी झाली होती. इस्त्रीवालीने ती हाताने मागे लोटली. "चला आत, बघायला काय नाटक आहे का?" ती म्हणाली, आणि दार लोटून घेतलं.

बाई तिथेच ओल्या फरशीवर मुंगीसमोर बसल्या. "लागलं का?"

"थोडंसं." मुंगीने कोपर दाखवलं. तेच, रोज धरून ठेवायचं ते. बाईंनी त्यावर हात ठेवला.

"बाई आत वर्गात राहिल्या," त्या म्हणाल्या. "मी बाहेर आले."

मुंगीने मान वळवून फाटकाकडे पाहिलं. ते लांब होतं आणि बंद होतं. "पण आपण फाटकाच्या आत आहोत," ती म्हणाली.

"आहोत. पण तो नियम चुकला होता. मी केलेला, आणि माझा चुकला."

मुंगी त्यांच्याकडे बघत राहिली. बाईंचं चुकलं असं कुठल्याही बाईंनी म्हटलेलं तिने आजवर ऐकलं नव्हतं. तिच्या केसांतून पाणी नाकावर येत होतं आणि ती ते पुसतसुद्धा नव्हती, इतकी विचारात होती.

"मग आता मोडायचा?" तिने विचारलं.

"खोडायचा."

"पूर्ण?"

"पूर्ण. दिसणारसुद्धा नाही असा."

मुंगीने मुठीतली नळाची चावी फरशीवर ठेवली. मग ओलं बोट पुढे करून तिने समोरच्या भिजलेल्या बाहीला हात लावला.

"आई," ती जपून म्हणाली, "तुझे सगळे कपडे भिजले."

"भिजू देत," आई म्हणाली.